काचेवर बसलेली वीज
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)

व्यासपीठावरचे आपले सर्व सर आणि बाई, माझ्या वर्गातले आणि शेजारच्या तुकडीतले सगळे मित्र-मैत्रिणींनो, आणि ज्यांना इथं जबरदस्तीनं ओढून आणलंय ती त्यांची मुलंबाळं,

स्मरणिका समितीनं मला सांगितलं होतं की तू सॉफ्टवेअरवाली आहेस, तर एआयवर बोल. मी म्हटलं, एआयवर सध्या प्रत्येक हळदी-कुंकवात बोलतात, मला माझ्या आवडीचा विषय द्या. त्यांनी दिला, आणि वीस मिनिटंही दिली. आपल्या कळंब्यात वीस मिनिटं म्हणजे जेवणाआधीची वीस मिनिटं, हे मला ठाऊक आहे. बाहेर तांबडा-पांढरा तयार आहे, वास इथपर्यंत येतोय. त्यामुळे वेळेत संपवते.

माझा विषय आहे नको तिथं साठलेली वीज. भिंतीतल्या तारेतली, बिल येतं ती ही वीज नाही. फुग्याला केस चिकटतात, हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, प्लॅस्टिकची खुर्ची सरकवून उठलं की दाराच्या कडीला बोट लागताच ठिणगी बसते, ती ही. पुस्तकात तिला स्थितिक विद्युत म्हणायचे. आपण तिच्यावर दोन मार्कांचा प्रश्न सोडवला आणि विसरलो. मी मात्र नोकरीत तिच्याशी अनेक वर्षं भांडते आहे.

नववीत सरांनी सुवर्णपत्र विद्युतदर्शी दाखवला होता, काहींना आठवत असेल. काचेची बरणी, आत धातूची दांडी, खाली सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या. एबोनाइटचा दांडा लोकरीवर घासून जवळ न्यायचा आणि पट्ट्या फाकायच्या. प्रयोग जुलैत ठेवला होता. बाहेर कळंबा तलाव भरत आलेला, भिंतींना ओल, खडूसुद्धा दमट. दांडा घासून घासून आमच्या मॉनिटरचे हात दुखले, पट्ट्या काही हलल्या नाहीत. मग प्रयोगवहीत काय लिहायचं यावर चर्चा झाली. सर म्हणाले, पट्ट्या फाकल्या नाहीत असं लिहा, हवा दमट होती असंही लिहा आणि तारीख टाका. फेब्रुवारीत त्यांनी तोच प्रयोग परत घेतला आणि पट्ट्या टुणकन फाकल्या. दमट हवेत काचेवर, एबोनाइटवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि साठलेला प्रभार त्यावरून झिरपून जातो. कोरड्या हवेत तो जायला वाट नसते, म्हणून टिकतो. पुढं जे सांगणार आहे ते सगळं एवढ्यावरच उभं आहे.

इचलकरंजीत लूम चालवणाऱ्यांना हे शिकवायला नको. पॉलिस्टरचं सूत कोरड्या दिवसांत एकमेकांना चिकटतं, उभं राहतं, तुटतं. सूतगिरणीत फवारे मारून हवा दमट ठेवतात, त्यात धाग्याच्या ताकदीचा भाग आहे तसा या विजेचाही आहे. आणि गुजरीत सोनं तोलताना काटा काचेच्या पेटीत असतो, तो वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून. आता त्या गुजरीच्या काट्यापेक्षा शेकडो पटींनी नाजूक काट्याची गोष्ट सांगते.

मी पुण्यात ज्या कंपनीत होते ती प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर करायची. औषध कंपन्यांतले वजनकाटे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतात. काट्यानं दाखवलेला आकडा माणसानं हातानं लिहायचा नाही, तो तारेवरून थेट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यायचा. कोणी, कधी, किती वजन केलं, सगळी नोंद राहायची आणि ती खोडता यायची नाही. एका गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की वजनं जुळत नाहीत. एकच नमुना सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरं. त्यांच्या वरिष्ठांचं मत ठरलेलं होतं, दोष एक तर आमच्या सॉफ्टवेअरचा किंवा तिथल्या एका मुलीचा. ती कंत्राटावर लागलेली, बी.एस्सी. झालेली, गावाकडून आलेली. तिच्या हाताखालचीच वजनं जास्त वेळा मर्यादेबाहेर जात होती. तिला ‘हात स्थिर नाही’ असं लेखी मिळालं होतं आणि महिनाअखेरीला कंत्राट संपणार होतं.

आमचा कोड मी एका दुपारी तपासला. काट्याकडून जो आकडा येत होता तोच साठत होता, दशांशाचा एक अंकही इकडे तिकडे नव्हता. मग म्हटलं, आकडाच चुकीचा येतोय का ते बघू, आणि तिथं जाऊन दोन दिवस काट्याशेजारी बसले.

पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गोष्ट दिसली. काचेची छोटी बाटली कापडानं पुसून ती काट्यावर ठेवायची. आकडा उमटायचा आणि मग अगदी सावकाश खाली सरकायचा. इतका सावकाश, की काट्याला वाटायचं वजन स्थिर झालं, आणि तो स्थिर असल्याची खूण दाखवायचा. सॉफ्टवेअर ती खूण आली की आकडा उचलायचं. दोन-तीन मिनिटं थांबून पाहिलं तर आकडा आणखी खाली. वजन असं कसं कमी होईल? बाटलीला भोक नव्हतं आणि आतली पूड उडत नव्हती.

पुसल्यामुळे काचेवर प्रभार बसत होता. काट्याचं ताट आणि भोवतालची धातूची चौकट यांच्याशी त्या प्रभाराची ओढाताण चालायची आणि काटा त्या ओढीलाच वजन समजायचा. काट्याला दुसरं काय कळणार? खाली ओढणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी वजन. प्रभार हळूहळू हवेत विरायचा तसा आकडा उतरायचा.

मग मी आमच्याच सॉफ्टवेअरमधल्या सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. खोलीतल्या आर्द्रतेची नोंदही कुठंतरी असतेच, ती त्यांच्या एसी सांभाळणाऱ्या माणसाकडे वहीत होती. ती वही मागून आणली आणि दोन्ही एका कागदावर मांडलं. आर्द्रता खाली गेलेल्या दुपारी वजनं बिघडलेली, आणि पावसाळ्यातल्या महिन्यांत कोणाच्याच हातून बिघडलेली नाहीत. त्या मुलीच्या हाताखाली जास्त का, तर तिला कायम दुपारची पाळी लावलेली आणि एसीच्या झोताखालचा काटा दिलेला. तिच्या जागी अगदी गुजरीतला जुना सराफ बसवला असता तरी आकडा सरकलाच असता.

इलाज साधा निघाला. काट्याजवळ आयन सोडणारं छोटं यंत्र ठेवायचं. त्यात टोकदार सुयांवर मोठा व्होल्टेज देतात, भोवतालच्या हवेत धन आणि ऋण असे दोन्ही आयन तयार होतात आणि वस्तूवर जो प्रभार असेल तो आपल्या विरुद्ध जातीचे आयन ओढून घेऊन शांत होतो. खोलीची आर्द्रता ठरावीक पातळीच्या खाली जाऊ द्यायची नाही. बाटली कोरड्या कापडानं घासायची नाही. आमच्या बाजूनं मी एवढं केलं, की स्थिरतेची खूण आल्यावरही सॉफ्टवेअर आणखी थोडा वेळ आकडा सरकतोय का ते पाहील आणि सरकत असेल तर नोंद घ्यायला नकार देईल. त्या मुलीचं कंत्राट वाढलं. तिला दिलेलं ते पत्र मागे घेतलं का, हे मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर घेतलं.

तेव्हापासून मला या विषयाचं वेड लागलं. जिथं मोजमाप फार नाजूक आहे, तिथं ही साठलेली वीज काय करते हे शोधत गेले आणि वाचता वाचता पोचले थेट आपल्या मराठवाड्यात, हिंगोलीला.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे, आठवं ज्योतिर्लिंग म्हणून तुमच्यातले बरेच जण जाऊन आले असतील. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी. केंद्र सरकारनं २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशा दोन आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरी लिव्हिंग्स्टनला. हिंगोलीत बसणारी बरीचशी यंत्रसामग्री तिकडचीच, त्याच घडणीची असणार आहे.

गुरुत्वीय लहर म्हणजे काय, हे मी दोन वाक्यांत सांगते, सर मला माफ करतील. फार जड वस्तू एकमेकींभोवती गरगरत आदळल्या की अवकाश स्वतःच किंचित ताणलं आणि आखडलं जातं आणि तो ताण तरंगासारखा पसरतो. तो मोजायला काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या बांधतात, त्यांत लेझर सोडतात आणि टोकांना आरसे टांगतात. एक बाजू दुसरीपेक्षा किती लांबली-आखडली ते प्रकाशावरून कळतं.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. आपल्याकडे गणपती तीन दिवसांवर आले होते. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात आणि त्यानंतर सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या यंत्रात एक कंप उमटला. साधारण १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकत्र झाली होती, त्याची ती लहर. चार किलोमीटरची नळी किती बदलली? प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतकी. केसाच्या जाडीशी वगैरे तुलना इथं निरुपयोगी आहे, मी करत नाही.

आता ते आरसे. प्रत्येक आरसा म्हणजे शुद्ध सिलिकाच्या काचेचा ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाडीचा, ४० किलोचा ठोकळा. आपल्या गुळाच्या मोठ्या ढेपेएवढा म्हणा. तो टांगलाय काचेच्याच चार धाग्यांवर, प्रत्येक धागा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. वर आणखी तीन वजनं, एकाखाली एक, म्हणजे लंबकाला लंबक. जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचू नये म्हणून एवढा खटाटोप. आणि हे सगळं अशा निर्वातात, जिथला दाब बाहेरच्या हवेच्या लाख कोटीव्या भागाएवढा आहे.

माझ्या बाटलीची गोष्ट आता परत आठवा. काच आहे, कोरडेपणा असा की दमट सोडा, हवाच नाही. ही काच इतकी उत्तम विद्युतरोधक आहे की तिच्यावर एकदा प्रभार बसला की तो महिनोन् महिने तिथंच राहतो. मॉस्को विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हेच मोजलं, अशी काच निर्वातात टांगून तिच्यावरचा प्रभार किती सावकाश उतरतो ते. आरशाभोवती धातूची चौकट आहे, तारा आहेत, त्यांचे व्होल्टेज कणभर वरखाली होत असतात. काचेवर प्रभार असेल तर त्या प्रत्येक वरखाली होण्याबरोबर आरशाला धक्का बसतो. धक्का इतका बारीक की दुसऱ्या कोणत्याही कामात त्याची दखलही घेतली नसती. इथं मात्र आपण प्रोटॉनचा चारशेवा भाग मोजायला बसलोय.

प्रभार बसतो कुठून? मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण तो अगदी घरगुती आहे. आरसा बसवताना त्याच्या तोंडावर धूळ बसू नये म्हणून एक पातळ लेप देतात, तो वाळून पापुद्रा होतो आणि शेवटी ओढून काढतात. चिकटपट्टी ओढून काढल्यासारखंच. तो सुटताना काचेवर प्रभार ठेवून जातो. म्हणून सोलताना शेजारी आयनयुक्त नायट्रोजनचा झोत सोडतात, माझ्या वजनकाट्याजवळच्या यंत्राचाच तो मोठा भाऊ. पुढं, भूकंपात आरसा हेलकावला तर फुटू नये म्हणून त्याच्याभोवती थोड्या अंतरावर टेकू ठेवलेले असतात. आरसा त्यांना नुसता टेकला आणि सुटला तरी प्रभाराची देवाणघेवाण होते. नळीतली हवा पंपानं काढताना बारीक कण घासून जातात, त्यानंही होते. आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण तर कोणालाच चुकत नाहीत.

यात एक गंमत आहे. आरसा जागेवर धरून ठेवायला त्याला हळूच ढकलावं लागतं, आणि शेवटच्या टप्प्याला ते विजेनंच करतात. आरशाच्या मागे पाच मिलिमीटरवर दुसरा ठोकळा असतो, त्यावर सोन्याच्या पट्ट्या काढलेल्या असतात. त्यांना काही शे व्होल्ट दिले की आरसा ओढला जातो. म्हणजे मुद्दाम वापरलेली वीज आणि नकळत बसलेली वीज दोघी शेजारी शेजारी. नकळत बसलेलीमुळे मुद्दाम वापरलेलीचा जोर बदलतो. आज अमुक व्होल्टला आरसा जितका सरकतो तितका पुढच्या महिन्यात सरकत नाही. मग मोजलेली लहर खरी किती मोठी, याचाच हिशेब बिघडेल.

इथं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं काम येतं. यंत्र चालू असताना आरशाला ठरावीक लयीत एक अगदी बारीक हेलकावा सतत दिला जातो. तो किती द्यायला सांगितला आणि आरसा प्रत्यक्षात किती हलला, हे सतत ताडून पाहिलं की जोर कसा बदलतोय ते कळतं आणि हिशेबात तशी दुरुस्ती करता येते. शिवाय देखभालीच्या वेळात वेगवेगळे व्होल्टेज देऊन आरसा किती वळतो ते बघतात आणि त्यावरून काचेवर प्रभार किती साठला ते काढतात. त्याचा आलेख ठेवतात. व्होल्टेजचं चिन्ह अधूनमधून उलटं करतात, म्हणजे साठायची दिशाही उलटते आणि प्रभार फार वाढत नाही. अगदीच वाढला तर आरसा असलेल्या कक्षात थोडा आयनयुक्त नायट्रोजन सोडतात, पण तेव्हा निरीक्षण थांबतं आणि पुन्हा निर्वात व्हायला दिवस जातात.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढं कशाला, आरशाला एक तार लावून जमिनीला जोडून टाका की! मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. पण तार लावली की तारेतून थरथर येते, चार लंबकांचा खटाटोप वाया. धातूचा मुलामा दिला तर मुलामा स्वतःच उष्णतेनं सूक्ष्म कंप पावतो आणि प्रकाशही खातो. म्हणून काच काचच ठेवायची आणि तिच्यावरच्या प्रभाराशी असंच नमतं-जमतं घेत राहायचं.

आणि ती सप्टेंबरातली नोंद विजेची करामत नव्हती कशावरून? हा प्रश्न त्यांनी स्वतःला फार कसून विचारला. दोन्ही वेधशाळांत तीन हजार किलोमीटरचं अंतर आहे. एका आरशावरच्या प्रभारानं दुसऱ्या ठिकाणी सात मिलिसेकंदांत हुबेहूब तोच कंप उमटणार नाही. पण कारण दोन्हीकडे पोचणारं असेल तर? म्हणून त्या सेकंदाला पृथ्वीवर कुठं काय झालं ते शोधलं, तर पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोवर त्याच सेकंदात एक प्रचंड वीज पडलेली, ५०० किलोअँपिअरच्या वर! कोणाचीही पाचावर धारण बसली असती. त्यांनी यंत्राजवळच्या चुंबकमापकांच्या नोंदी काढल्या, त्या विजेचा परिणाम यंत्रापर्यंत किती पोचू शकतो ते काढलं आणि तो फारच कमी पडतो हे दाखवलं. मगच, पाच महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला सांगितलं. नववीतल्या त्या ‘हवा दमट होती असंही लिहा’ची मला तेव्हा आठवण आली, खोटं कशाला सांगू.

या लहरींचा आणि आपला संबंध फक्त हिंगोलीपुरता नाही. गोंगाटात बुडालेली लहर ओळखायची कशी, याचं गणित पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या सुमाराला, म्हणजे अशी यंत्रं उभीही नव्हती तेव्हा, मांडायला घेतलं. ज्या आयुकात हे झालं तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वाढले बनारसला, पण जन्माचं गाव आपलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आपल्या ग्रुपवर एकानं सर्वांना विचारलं होतं की ते कोल्हापूरचे होते हे किती जणांना माहीत आहे. फार थोडे हात वर आले. आयुकात २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी सर्वांना आत सोडतात. मुलांना घेऊन जा, पुण्यात उतरायला माझं घर आहे.

अवकाशातली गोष्ट पटकन सांगते, नाहीतर ती राहून जाईल. युरोपनं २०१५ च्या डिसेंबरमध्ये लिसा पाथफाइंडर नावाचं यान सोडलं. त्यात सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचे दोन ठोकळे, ४६ मिलिमीटर बाजूचे, सुमारे दोन-दोन किलोचे, कशालाही न टेकता तरंगत ठेवलेले. वैश्विक किरणांमुळे त्यांच्यावर दर सेकंदाला जेमतेम वीस-पंचवीस इलेक्ट्रॉनांएवढा धन प्रभार चढायचा. एवढासुद्धा चालत नव्हता. तार लावायची सोय नाही, हवा सोडायची सोय नाही. मग अतिनील प्रकाशाचे दिवे वापरले. प्रकाश धातूवर पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. तो ठोकळ्यावर पाडायचा की भोवतालच्या भिंतीवर, हे ठरवून प्रभार हवा तसा वर-खाली करता येतो. आइन्स्टाइननं १९०५ मध्ये ज्याचा उलगडा केला तोच प्रकाशविद्युत परिणाम, आपल्याला बारावीला होता. ज्यांनी तो ऑप्शनला टाकला त्यांची नावं मी इथं घेत नाही.

आता मूळ मुद्द्याला येते. समितीला वाटतंय हा कार्यक्रमाबाहेरचा विषय आहे, पण मला तो आत आणायचाच आहे. आपली बॅच शाळेला वीस संगणक देणार असं ठरलं. फार चांगलं. काल मी संगणक खोली बघून आले. आत्ता तिथं जे जुने संगणक आहेत त्यांच्या पत्र्याला मुलांचं बोट लागलं की मुंग्या येतात. मी एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “मॅडम, ते असंच असतंय, आम्ही चप्पल घालून बसतो.” तिथल्या शिपाईकाकांनी सांगितलं की हिवाळ्यात हवेत वीज असते म्हणून.

ती हवेतली वीज नाही. अर्धा तास मी ज्या विजेबद्दल बोलले ती एक ठिणगी देते आणि संपते. मुंग्या येत राहतात त्या चालू विजेच्या. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात बाहेरचा कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेला अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किरकोळ प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे एकशेपंधराच्या आसपास, लोंबकळत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून फक्त मुंग्या. पण याचा अर्थ त्या खोलीत अर्थिंग नाही. उद्या एखाद्या वायरचं आवरण गेलं आणि ती पत्र्याला लागली, तर अडवायला काही नाही. तिथं एका बाकावर तीन-तीन मुलं बसतात आणि पावसाळ्यात फरशी ओली असते.

इमारत जुनी आहे, वायरिंग आपण शिकत होतो तेव्हाचंच आहे, त्यात कोणाला दोष द्यायला मी उभी नाही. माझं म्हणणं एवढंच की वीसऐवजी सोळा संगणक द्या. उरलेल्या पैशांत अर्थिंगचे दोन खड्डे घ्या, नवीन तार ओढा, गळती झाली की बंद पडणारा स्विच मुख्य बोर्डावर बसवा. समितीतल्या एकानं मला काल रात्री सांगितलं की जमिनीतल्या खड्ड्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येत नाही. लावा की! संगणकापेक्षा ती जास्त वर्षं टिकेल.

आपल्यातले दोघं कळंबा आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाले, आज दोघांचेही स्वतःचे व्यवसाय आहेत. काल रात्री त्यांच्याशी बोलले. मजुरी घेणार नाही म्हणाले, सामानाचा खर्च तेवढा द्या. उद्या सकाळी नऊला ते अर्थ टेस्टर घेऊन शाळेत येणार आहेत. आकडा काय येतो तो वहीत लिहायचा, तारीख घालायची, आणि जमीन ओली होती की कोरडी तेही लिहायचं. ज्यांची गाडी दुपारी आहे त्यांनी जरूर यावं. विज्ञानाच्या सरांना मी विचारलं आहे, ते वही घेऊन येतो म्हणाले.

जेवण थंड होतंय. चला.